काकूंच्या बाजूची स्प्रिंग

टिल्लूनं गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या त्या आईला न विचारता. विचारणं राहिलं दूर, बदलून आल्यावर सांगितलंसुद्धा नाही. आला, हातपाय धुतले, ताट पुढं ओढलं, दोनदा वाढून घेतलं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. कळलं ते आठ दिवसांनी, आणि कळलं ते पाठीला. चष्म्याच्या दुकानात जायचं म्हणून काकू दुपारी गाडीत बसल्या, गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे त्यावरून गाडी गेली, आणि असा दणका बसला की माकडहाडातून निघाला तो थेट टाळूला जाऊन थांबला. वरची कवळी खालच्या कवळीवर आपटली. ही कवळी टिल्लूनंच केलेली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायच्या हेच त्याचं काम, आणि आईची करताना तर त्यानं तीनदा माप घेऊन, एकदा पुरी झालेली मोडून पुन्हा केली होती. ती कवळी आजवर जागची हलली नव्हती. ज्यानं दात बसवले त्यानंच खिळखिळे केले म्हटल्यावर काकूंनी आधी जिभेनं सगळे दात जागेवर आहेत का ते बघितलं. मग तोंड उघडलं.

"हे काय होतं?"

"काय काय होतं?"

"गाडीला काय केलंस?"

"कुठं काय? रस्ता खराब आहे, आई."

"रस्ता गेल्या महिन्यात हाच होता. त्या गतिरोधकाला मी तो झाला तेव्हापासून ओळखते. तो माझ्याशी असा कधी वागला नाही."

टिल्लूनं आरशात बघितल्यासारखं केलं. सहा फूट उंच, अडतीस वर्षांचा, कानापाशी पांढरे व्हायला लागलेले. पण जन्मला तेव्हा मूठभर होता, म्हणून टिल्लू, आणि एकदा आईनं नाव ठेवलं की उंची वाढली म्हणून ते काढून घ्यायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. खोटं बोलायचं असलं की तो आरशात बघतो. बापही बघायचा.

"स्प्रिंगा बदलल्यात," तो शेवटी म्हणाला. "कडक घातल्यात. थोड्या आखूड. गाडी वळणावर लोळत होती."

"लोळत होती म्हणजे? कुत्रं आहे का ते?"

"म्हणजे एका अंगावर जायची. ह्या वळणाला नीट, त्या वळणाला मागून सुटल्यासारखी. तुला नाही कळायचं ते."

तुला नाही कळायचं. काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. सगळी गल्ली त्यांना कोटवाल्या काकू म्हणते ते काही उगाच नाही. शाळा चौथीत सुटली, पण अंगाला कोट कसा बसतो हे त्यांना जितकं कळतं तितकं शिकून आलेल्यांना कळत नाही. माणूस दारातून आत आला की टेप हातात घ्यायच्या आधी त्या ओळखतात, कुणाचा एक खांदा पडलेला आहे, कोण पोट आत ओढून उभा आहे, कुणाला नव्या कोटाची हौस आहे आणि कुणाला दुसऱ्याच्या कोटाचं दुःख. आणि ही गाडी, ती तर त्यांच्या अंगाच्या मापाची होती. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, गावोगाव, मागं हत्यारांच्या पेट्या भरून, एकटा. पण रविवारी संध्याकाळी तासभर गाडी काकूंची. कुठं जायचं असं नव्हतं. ते विचारायचे, "कुठं?" आणि काकू म्हणायच्या, "चालव की." बावीस वर्षं ह्या एकाच जागेवर बसून त्या जागेला काकूंचा खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात बसलं की रस्ता त्यांच्या हाताखालच्या अस्तरासारखा सरकत जायचा, उंचसखल कळायचा पण टोचायचा नाही. आज खळगा तोच होता. खिडकी खाली करायचा दांडा तोच, त्याची निघालेली टोपी तीच. आणि तरीसुद्धा कुणी परक्याच्या घरी नेऊन टणक बाकावर बसवावं तसं वाटत होतं. रस्त्यात एक भेग आली, ती पाठीला लागली. मग एक झाकण आलं, तेही लागलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ह्या दोन वर्षांत घरातल्या एकेका वस्तूनं काकूंना ओळखेनासं व्हायचं ठरवलं होतं. नळ त्यांच्या हातानं बंद होत नव्हता, टेलिफोनला त्यांचं बोट कळत नव्हतं, आणि आता गाडी. काकूंच्या मनात जे आलं ते साधं होतं आणि त्यांना अजिबात आवडलं नाही. ही गाडी एकट्याची व्हायला लागली आहे. पोरानं माप स्वतःचंच घेतलं, आणि आपल्याला त्यात कुठं धरलेलंच नाही.

"चष्म्याच्या आधी दहा मिनिटं एका ठिकाणी थांबू का?" टिल्लूनं विचारलं.

"आता विचारतोस होय?"

ते ठिकाण म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आत तीन गाड्या पोटाखाली टेकू लावून उचललेल्या, आणि मधोमध स्वच्छ पुसलेली सिमेंटची जमीन, त्यावर चार चौकोनी काटे मांडलेले, दवाखान्यात वजनाला असतात तसे पण दणकट. गाडीचं प्रत्येक चाक वेगळं तोलायचं म्हणे. मालकाला सगळे काटेवाला म्हणत. पन्नाशीचा, बुटका, कानामागं खडू. काकूंनी आधी खडू बघितला, मग माणूस. खडू चपटा होता, शिवणकामाचा. ह्याच्याशी बोलता येईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची आणली, खुर्चीवरची धूळ स्वतःच्या बाहीनं पुसली, आणि टिल्लूकडं वळून म्हणाला, "मग? आठ दिवस वापरून बघितल्या. ठरलं का काही?"

त्यावर टिल्लू जो सुटला तो सुटलाच. घरी दोन शब्द बोलायला जिवावर येतं, पण इथं त्याचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा झाला होता. ह्याच आखूड स्प्रिंगा ठेवायच्या, का मूळ उंचीच्याच पण जरा जाड घ्यायच्या. शॉकअप जुनेच चालतील, का उंची कमीजास्त करता येणारे नवे बसवायचे. दोन्ही चाकांना जोडणारी ती आडवी दांडी जाड घातली तर नुसत्या दांडीनं भागेल का. काकू ऐकत होत्या. अर्धं कळत नव्हतं आणि ते कळू द्यायचं नव्हतं. पण पोराचे हात त्यांना कळत होते. दोन्ही तळवे समोर धरून तो गाडी वळवून दाखवत होता, डावा खाली, उजवा वर, आणि चेहरा त्या वळणात पुढं पुढं चाललेला. लहानपणी ताटातल्या घासाची गाडी करून ताटाच्या कडेकडेनं फिरवायचा, तेव्हाही असाच चेहरा. घास थंड व्हायचा. काकू फटका द्यायच्या आणि नवरा म्हणायचा, "असू दे, वळण चांगलं घेतो." काकूंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड गिळलं, कारण अजून राग संपलेला नव्हता आणि मधेच हसलं की तो फुकट जातो.

"एक सांगू का," काकू म्हणाल्या.

दोघंही थांबले. टिल्लूनं डोळ्यांनी विनवलं, आई, नको. काकूंनी ते डोळे बघितलेच नाहीत.

"गतिरोधकावर चढताना काही नाही झालं. उतरल्यावर मारलं. आणि एकदा नाही, एकदा मोठं, मग लहान, मग अर्धवट. कुणी खांद्याला धरून हलवावं आणि सोडताना विसरून जावं, तसं."

काटेवाल्यानं कानामागचा खडू काढला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "काकू, ह्यांना मी आठ दिवस हेच सांगतोय. स्प्रिंग कडक केली, ती जोरानं परत येते. तिला धरायचं काम शॉकअपचं. आणि शॉकअप आहेत बाबा आदमच्या काळातले. धरणार कोण?"

"म्हणजे कापड जाड घेतलं आणि शिवण जुन्या दोऱ्याची," काकू म्हणाल्या.

"बरोब्बर."

"मग आधी दोरा बघायचा."

"त्याच्याही आधी बुश," काटेवाला आता खुर्चीपाशी उकिडवाच बसला. "रबराचे असतात, सांध्यात. स्प्रिंगा काढताना बघितले, पार भुगा झालाय. लोक उठतात ते थेट स्प्रिंगच बदलतात. दिसते ना, गाडी खाली बसलेली. मिरवता येतं."

"मिरवायची हौस बापाकडून नाही, माझ्याकडून आली," काकू टिल्लूकडं बघत म्हणाल्या. टिल्लूचे कान लाल झाले. अडतीस वर्षांच्या माणसाचे कान असे लाल होतात, हे बघून काकूंचा आठ आणे राग तिथंच उतरला.

मग ठरलं. सगळे बुश नवे. आखूड स्प्रिंगा काढायच्या, मूळ उंचीच्या पण किंचित जाड घालायच्या, आणि त्यांना धरतील असे नवे शॉकअप, खालून नट फिरवून एकेका कोपऱ्याची उंची जुळवता येते तसले. दांडीचं मग बघू. काटेवाला म्हणाला, "ह्यानं तुमची ती घसरण बंद होईल. नशीब, त्या दिवशी धरणाच्या वळणाला कठडा होता."

शेडमध्ये कुठंतरी हवा भरायचं यंत्र चालू होतं, ते त्याच वेळी बंद पडलं.

"कुठला कठडा?" काकूंनी विचारलं.

टिल्लू आरशात बघायला गेला, पण इथं आरसा नव्हता. "काही नाही झालं, आई. महिना झाला त्याला. रस्ता ओला होता, मागचं अंग सुटलं. एक चाक कठड्याला घासलं, बस. घासलं म्हणजे लागलं. एवढंच."

 काकूंनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. तर हे होतं. आपण आठ दिवस, नाही, महिनाभर, त्याच्या अबोल्याला माज समजत होतो. ताट पुढं ओढून दोनदा वाढून घेणारं पोर त्या संध्याकाळी जेवलं होतं का? आठवेना. कोणती संध्याकाळ हेच ठाऊक नव्हतं. आणि त्यानं स्प्रिंगा बदलल्या त्या मिरवायला नाहीत, भ्यायला होता म्हणून. भ्यायलेला माणूस दुकानात शिरला की जे सगळ्यात कडक दिसतं ते उचलतो. एक जण असा आला होता त्यांच्याकडं, पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीला निघालेला, म्हणाला कोट कडक करा, खांदे कडक करा. काकूंनी त्याला मऊ कोट दिला होता, आणि तो रुसून घेऊन गेला होता.

"तुमची गाडी एकाच बाजूच्या वळणाला का सुटायची, ते आता सापडलंय," काटेवाला म्हणाला. त्याला वाटलं असावं की आपण विषय बदलतो आहोत. कोपऱ्यातल्या खोक्यातून त्यानं गाडीतून काढलेल्या जुन्या स्प्रिंगा आणल्या, काळ्या, गंजलेल्या, आणि त्यातली एक काकूंच्या पायाशी उभी केली. "ही बघा. तुमच्या बाजूच्या पुढच्या चाकाची. वेढ्यांच्या मधे रबर ठोकून बसवलंय. एक नाही, दोन ठिकाणी. ह्यानं तो कोपरा उचललेला राहायचा, सगळा तोल तिरपा. काल साफ करताना दिसलं."

"कुठल्या गाढवानं घातलं असेल?" टिल्लू खाली वाकून बघायला लागला.

काकूंनी बघितलं. काळं, वाळून दगड झालेलं जाड रबर, शिवणयंत्राच्या पायाखाली असतं ते. कोपरे तासलेले. कुठलीही चौकोनी वस्तू कापली की तिचे चारही कोपरे तासायचे, हात लागला तर कुणाला बोचायला नको म्हणून, जिथं जन्मात कुणाचा हात लागणार नाही तिथंसुद्धा, असा गाढव काकूंनी आयुष्यात एकच बघितला होता. वरून तांब्याची तार, तीन वेढे, आणि टोक आत दुमडलेलं.

"तो गाढव तुझा बाप," काकू म्हणाल्या.

कुणी काही बोलायच्या आत त्यांना सगळं कळलं होतं. टिल्लूला नाही, काटेवाल्याला नाही. पडलेल्या खांद्याच्या माणसाला सरळ कोट शिवायचा तर त्या खांद्यात एक घडी कापूस जास्त घालतात आणि त्याला सांगत नाहीत. तो आरशात बघतो, दोन्ही खांदे सारखे दिसतात, खुशीत जातो. काकूंनी उभा जन्म हेच केलं. लग्नात त्या सडपातळ नव्हत्या आणि पुढं तर काय, बाई सुखात होती. त्या गाडीत बसल्या की त्यांची बाजू दबायची, पहिल्या एकदोन रविवारी दबली असणार, त्यांनीच हसून काहीतरी म्हटलं असणार, किंवा हसल्या नसतील. आणि पुढच्या रविवारी गाडी सपाट. काकूंच्या बाजूला काकूंएवढं उचललेलं. त्या बावीस वर्षांत एकदाही त्यांना वाटलं नाही की आपण जड आहोत. दुसरं रबर पहिल्यापेक्षा नवं होतं, तेही त्यांना दिसलं. ते कधीचं असावं ह्याचा हिशोब त्यांनी मनात केला. टिल्लूच्या वेळचं पोट उतरलं नाही ते उतरलंच नाही, पण ते आधीचं. हे आपल्या शस्त्रक्रियेनंतरचं, आठ महिने अंथरुणावर, तेव्हा वाढलं ते. मेल्यानं काही न बोलता रबर वाढवलं होतं. काकूंना तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या लाज वाटली आणि त्या लाजेत एक गुदगुली होती, सत्तरीला शोभणार नाही अशी.

चष्म्याचं दुकान त्या दिवशी राहून गेलं. गाडी शेडमध्ये ठेवून दोघं रिक्षानं घरी आली. पुढचे तीन दिवस काकूंनी एकही कोट हातात घेतला नाही. यंत्रापाशी बसायच्या, पाय पट्टीवर, आणि यंत्र चालायचं नाही. गुदगुली पहिल्याच दिवशी ओसरली आणि तिच्या खालून दुसरंच काही वर यायला लागलं. रविवारचा एक तास गाडी सपाट होती, हे खरं. पण बाकीचे सहा दिवस? तो माणूस एकटा चालवत होता. काकूंच्या बाजूला काकू नाहीत आणि काकूंएवढं उचललेलं आहे, म्हणजे सगळी गाडी त्याच्या अंगावर कललेली. गावोगाव, धुळीतून, चढावरून, वळणावळणावर अंग सावरत. त्याची एका बाजूची कंबर दुखायची. रोज संध्याकाळी तिथंच, एकाच बाजूला, काकू गरम कापडानं शेकायच्या आणि म्हणायच्या, तुमची बसायची पद्धतच वाकडी. तो म्हणायचा, "असेल." एवढंच म्हणायचा. आणि त्याचा खांदा, त्या बाजूचा, वर्षागणिक उतरत गेला होता. हे काकूंना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? माप त्यांच्याच वहीत होतं, अक्षर वेडंवाकडं असलं तरी आकडे खरे. पाव इंच, मग अर्धा, मग पाऊण. दर नव्या कोटाला त्या खांद्यात त्यांनी थोडा कापूस जास्त घातला आणि त्याला सांगितलं नाही. चारचौघांत त्याचा खांदा पडलेला दिसू नये, त्याच्या मनाला लागू नये. तो त्यांची बाजू उचलत होता, त्या त्याचा खांदा उचलत होत्या, आणि दोघंही गप्प, दोघंही आपापल्या कसबावर खूश. कपाट उघडून काकूंनी त्याचा शेवटचा कोट बाहेर काढला आणि तो खांदा दोन बोटांत दाबून बघितला. जाड होता. एवढा जाड आपण केला? कुणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर. बाई, तू जड झालीस. अहो, तुम्ही वाकडे होत चाललात. भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला, मग एक कंबर वाचली असती. आणि हेच रबर पुढं दोन वर्षं पोराच्या चाकात राहिलं आणि ओल्या वळणावर त्याला कठड्यापर्यंत घेऊन गेलं. इतकं प्रेमाचं रबर. काकूंनी कोट परत टांगला. हँगरवर तो एका बाजूला चढलेला दिसत होता. अंगात माणूस नाही म्हटल्यावर दिसणारच.

टिल्लू त्या तीन दिवसांत दोनदा त्यांच्या मागं येऊन उभा राहिला आणि परत गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चहा करू का?" ही त्याची बोलायची तऱ्हा. काकू म्हणाल्या, "कर. आणि साखर मोजून घाल, बापासारखा ओतू नको." चहा घेताना तो म्हणाला, "काटेवाला म्हणतो, शनिवारी काट्यावर लावायची आहे. तू येशील?"

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतं," तो कपाकडं बघत म्हणाला. तिथंही आरसा नव्हता.

शनिवारी गाडी चार काट्यांवर उभी होती, धुतलेली, मूळ उंचीवर, नव्या पायांवर. टिल्लू आत जाऊन स्टिअरिंगमागं बसला. काटेवाल्याच्या हातातल्या डब्यावर चार आकडे आले. त्यानं जमिनीवर खडूनं काहीतरी लिहिलं आणि काकूंकडं आला, जरा अवघडल्यासारखा. "काकू, तुमचं वजन किती?"

शेडमधल्या एका माणसाच्या हातून पाना पडला. काकूंना हे त्यांच्या आईनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं, डॉक्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी त्याला त्याचं वजन विचारलं होतं.

"कशाला पाहिजे?"

"मी सांगितलं त्यांना," टिल्लू आतून म्हणाला. "तू आत बस, आई. तुझ्यासकट लावायची. ते रबर कुणासाठी होतं, ते कळलं मला. बाबांनी लावली होती तशीच. फक्त आता नीट, नटावर. रबर नको, काही नको."

"दोन्ही जमतं, पण एका वेळी एकच," काटेवाला म्हणाला. "ह्यांच्या एकट्याच्या वजनावर लावली तर एकटे असताना गाडी बरोबर, तुम्ही बसलात की जराशी कलणार. दोघांवर लावली तर दोघं असताना बरोबर. मग एकटे गेले की थोडं तिरपं. पहिल्याइतकं नाही, पण थोडं. सांगा तसं करतो."

"दोघांवर," टिल्लू म्हणाला. काच खाली होती, आणि तो बापाच्याच आवाजात बोलला.  हेच तर काकूंना हवं होतं, गतिरोधकावर दणका बसला त्या क्षणापासून. पोरानं आपल्याला धरावं. त्यानं धरलं होतं. चार आकड्यांत त्यांचा आकडा मागत होता, लोकांसमोर, न लाजता.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा," काकू म्हणाल्या. शेडमधल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली, काटेवाल्यानंही डबा उलटा धरला. काकू गाडीत बसल्या. खळग्यात. त्यांची बाजू हळूच खाली गेली, नव्या बुशांवर, नव्या शॉकअपवर, सावकाश, एखाद्यानं मान लववावी तशी, आणि थांबली. काकूंना ते स्पष्ट कळलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण बसलो की काहीतरी खाली जातं. वाईट नाही वाटलं. डब्यावर काय आकडा आला तो काटेवाल्यानं नंतर बघितला आणि कुणाला सांगितला नाही, इथंही तो सांगायचं कारण नाही. टिल्लू शेजारी बसला होता, हात स्टिअरिंगवर, बापाएवढाच उंच, आणि दोन्ही खांदे अजून सारखे. काकूंनी ते खांदे बघितले, टेप न लावता, नीट.

"मग लावू ना दोघांवर?" काटेवाल्यानं नटाला पाना लावून विचारलं.

"थांब रे," काकू म्हणाल्या, आणि मग पोराकडं वळल्या. "तुझ्या एकट्याच्या वजनावर लावायची. मधे बोलू नकोस, टिल्लू. तू धरणावर एकटा जातोस, कामाला एकटा जातोस, तेव्हा चारी चाकं तुझ्यासाठी जमिनीवर पाहिजेत. मी बसले की गाडी माझ्याकडं कलेल, कलू दे. मी काही कापूस नाही. तुझ्या बापानं मी जड आहे हे मला कळू दिलं नाही, मी त्याला तो वाकला हे कळू दिलं नाही, आणि दोघं शहाणे शेवटपर्यंत कंबर शेकत बसलो. आता पुरे. तू घसरलास तर घरी येऊन सांगायचं, मी जड झाले तर तोंडावर म्हणायचं. आणि मी शेजारी बसलेय, हे चालवणाऱ्याच्या हाताला कळलंच पाहिजे."